पन्नास हजार डाउनलोड आणि रिकामी घरं: ॲपच्या जाहिरातीत झालेली आमची फसवणूक

देवगडच्या एका आंबा बागायतदाराने मध्यंतरी मला व्हॉट्सॲपवर एक पीडीएफ पाठवली. "ही मंडळी बरी आहेत का? पेट्या थेट विकायला ॲप काढतोय, जाहिरातीचं काम यांना द्यावं म्हणतोय." आत 'कोकणातली यशोगाथा' असा मथळा आणि त्याखाली डावीकडून उजवीकडे चढत गेलेला एक आलेख. नाव झाकलं होतं, पण आलेख आमचाच होता. त्याला फोनवर जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहितोय, कारण ती पीडीएफ दापोलीपासून वेंगुर्ल्यापर्यंत आणखी कुणाकुणाच्या फोनवर पोचली असेल कोण जाणे.

आमचं ॲप साधं आहे. मालवण, तारकर्ली, देवबाग, भोगवे, आचरा या पट्ट्यातली घरगुती राहण्याची सोय, स्नॉर्केलिंगच्या होड्या, आणि एप्रिल-मेमध्ये हापूसच्या पेट्या. घरमालकांकडून वर्षाची वर्गणी, पर्यटकाकडून काही नाही. मी माणसं जोडतो, कुडाळचा मित्र कोड लिहितो. सुरुवातीला हजारभर डाउनलोड होते, बहुतेक ठाणे-डोंबिवलीचे चाकरमानी आणि त्यांच्या ऑफिसातली मंडळी. तेवढ्यावरही बुकिंग येत होती.

मुंबईच्या एका एजन्सीचा माणूस एका पर्यटन मेळाव्यात भेटला. गोड बोलणारा, मराठीच. "दादा, तुमचं ॲप चांगलं आहे, पण प्ले स्टोअरवर हजार दिसतात. पन्नास हजार दिसले की लोक आपसूक विश्वास ठेवतात." दर इन्स्टॉलमागे चार रुपये. धंद्यात याला सीपीआय म्हणतात, म्हणजे एका इन्स्टॉलचा खर्च. दोन लाखांचं काम, निम्मे आगाऊ, पक्कं जीएसटी बिल.

मेख करारातच होती. त्यात मोजमाप एकच: इन्स्टॉल. प्ले कन्सोलमध्ये, म्हणजे ॲप बनवणाऱ्याला प्ले स्टोअरवरचे आपले आकडे दिसतात त्या पानावर, ॲप फोनवर उतरलं की इन्स्टॉल धरलं जातं, मग ते कुणी उघडो न उघडो. फायरबेस, म्हणजे ॲपच्या आत कोण काय करतं ते नोंदवणारी गुगलची सोय, वेगळं मोजतं. ॲप पहिल्यांदा उघडलं गेलं की तिथे 'फर्स्ट ओपन'ची नोंद होते. या दोन आकड्यांत थोडा फरक सगळ्यांचाच असतो. आमच्यात दरी पडली होती. पन्नास हजार इन्स्टॉलमागे पहिल्यांदा उघडणारे पाचातला एकही भरत नव्हते.

एजन्सी मात्र दर सोमवारी स्वतःच्या डॅशबोर्डवरचा आलेख पाठवायची. तो एकूण डाउनलोडचा होता, म्हणजे कालच्यात आजचे मिळवत जायचे. असा आलेख कधी खाली येऊच शकत नाही. दहा जणांनी ॲप काढून टाकलं तरी त्यातून दहा वजा होत नाहीत. प्ले स्टोअरवर दिसणाऱ्या आकड्याचंही तेच. कोणी एकूण बेरजेचा आलेख दाखवायला लागला, की रोजचे नवे किती, रोजचे गेलेले किती आणि आज ॲप प्रत्यक्ष किती फोनवर आहे, हे तीन आकडे मागा. प्ले कन्सोलमध्ये तिन्ही मिळतात.

उन्हाळी सुट्टीचं बुकिंग सुरू व्हायच्या दिवसांत तारकर्लीच्या एका काकींचा फोन आला. त्यांना वर्गणी घेताना मीच आकडे सांगितले होते. त्या म्हणाल्या, "पन्नास हजार माणसांनी डाऊनलोड केल्यानी म्हणतंस, मगे माझा घर रिकामा कित्याक रे?" त्या रात्री आम्ही दोघं फायरबेस उघडून बसलो.

आधी पाहिलं रिटेन्शन. आज ज्यांनी पहिल्यांदा ॲप उघडलं, त्यातले उद्या किती परत आले हा डी-वन, सातव्या दिवशी किती आले हा डी-सेव्हन. आमच्या जुन्या हजार जणांत परत येणारे बऱ्यापैकी होते, कारण माणूस घर एकदा बघतो, बायकोला दाखवतो, भावाला विचारतो, मग फोन करतो. नव्या लोकांत दुसऱ्या दिवशी जवळजवळ कुणीच नाही. मग तासवार विभागणी काढली. खऱ्या माणसाला दिवस-रात्र असते. आमचे जुने लोक रात्री जेवणं उरकल्यावर आणि शनिवारी-रविवारी दिसायचे. या नव्यांचा आलेख सपाट होता, रात्री आठला जेवढे तेवढेच पहाटे तीनला. फोन बघितले तर बहुसंख्य दोन-तीनच जुन्या मॉडेलचे आणि अँड्रॉइडच्या एकाच आवृत्तीचे. हे काम कसं चालतं ते नंतर कळलं. एक तर फळ्यांवर शेकड्याने मांडलेले स्वस्त फोन असतात, त्यांना या धंद्यात डिव्हाइस फार्म म्हणतात. नाही तर संगणकावर चालणारे खोटे फोन, म्हणजे एम्युलेटर.

जाब विचारला तर उत्तर तयार होतं. "दादा, तुम्ही इन्स्टॉल घेतलेत. रिटेन्शनचं पॅकेज वेगळं. तुमची उरलेली रक्कम त्यातच वळती करून देतो." पैसे अडकलेल्या माणसाला हे वाक्य फार गोड लागतं. त्यांना ते चांगलं माहीत असतं.

दुसरं पॅकेज जूनमध्ये सुरू झालं. पावसाळ्यात आमच्याकडे किनाऱ्यावर काही नसतं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी, पर्यटकांच्या होड्या ओढून वर ठेवलेल्या, त्यांवर ताडपत्री. ॲपमध्येही होड्यांच्या पानावर 'पावसाळ्यात बंद' अशी ठळक पट्टी. तरीही आकडे झकास यायला लागले. डी-वन चाळीस टक्क्यांच्या वर. लोक येतायत, यादी उघडतायत, घराच्या पानावर जातायत, 'फोन करा' दाबतायत. या पायऱ्यांना फनेल म्हणतात, कारण वरून बरेच लोक शिरतात आणि खाली थोडे उरतात. प्रत्येक पायरीवर लोक गळतात, कुठे गळतात ते बघायलाच तर फनेल मांडायचं. आमच्या फनेलमध्ये गळतीच नव्हती. वर शिरलेला जवळजवळ प्रत्येक जण तळाशी पोचत होता.

आणि सगळे एकाच घरावर. आमची यादी अकारविल्हे आहे, त्यात सर्वांत वर आचऱ्याचं एक घर, नाव 'अबोली'. त्याचं पान शेकडो वेळा उघडलं गेलं, 'फोन करा'ही शेकडो वेळा दाबलं गेलं. मी मालकांना अभिनंदनाचा फोन केला. ते म्हणाले, "खंयचो फोन? एक नाय इलो." खुलासा सोपा आहे. ते बटण दाबलं की फोनचा डायलर उघडतो आणि आमच्याकडे एक 'इव्हेंट' नोंदला जातो. पुढे हिरवं बटण दाबून खरोखर फोन लागला की नाही, हे इव्हेंटला ठाऊक नसतं.

मित्राने मग एक गंमत केली. यादीच्या डोक्यावर एक खोटं कार्ड टाकलं. फोटो नाही, भाडं नाही, फक्त मोठ्या अक्षरात 'चाचणी: असे घर अस्तित्वात नाही'. दुसऱ्या दिवसापासून 'अबोली' ओस पडली आणि अस्तित्वात नसलेल्या घराला तुफान मागणी आली. सगळ्यांचा मार्ग ठरलेला: ॲप उघडायचं, पहिलं कार्ड, फोटोंची जागा (फोटो नव्हतेच), 'फोन करा', मागे, बंद. शोधाच्या चौकटीत एकानेही 'तारकर्ली' किंवा 'समुद्राजवळ' असं काही टाइप केलं नाही. खरा माणूस आधी तेच करतो, तेही चुकीच्या स्पेलिंगने. हे कार्ड अजून आमच्या ॲपमध्ये आहे, फक्त खऱ्या लोकांना दिसू नये अशी सोय केली आहे. नवीन जाहिरातदाराशी व्यवहार करणाऱ्या प्रत्येकाने असं एक भुताचं घर बांधून ठेवावं, खर्च शून्य.

याच काळात एजन्सीवाले डीएयूचं फार कौतुक सांगायचे. डीएयू म्हणजे दिवसाला वापरणारे, एमएयू म्हणजे महिनाभरात एकदा तरी वापरणारे, पहिल्याला दुसऱ्याने भागलं की 'स्टिकीनेस'. गप्पांच्या किंवा पैसे पाठवायच्या ॲपला हा आकडा शोभतो. तारकर्लीला राहायची खोली कोणी रोज बघतं का? आमच्यासारख्या ॲपचा स्टिकीनेस उंच दिसला तर आनंद करण्याऐवजी संशय घ्यायला हवा. सरासरी वेळही तशीच फसवी. चार खरी माणसं प्रत्येकी दहा मिनिटं घर शोधतात, सोळा यंत्रं चार सेकंदांत निघून जातात, आणि सरासरी दोन मिनिटांची येते. दोन मिनिटं थांबलेला मात्र त्यात एकही नसतो.

तिसरा डाव सर्वांत हुशार होता. आम्ही उरलेले पैसे अडवल्यावर एजन्सीचे साहेब स्वतः बोलले, "चला, इन्स्टॉल नको, रिटेन्शन नको. प्रत्यक्ष बुकिंग झालं तरच पैसे द्या." यापेक्षा प्रामाणिक काय असणार? दिवाळीत आणि नाताळात बुकिंगही आलं, खरं, पैसे भरलेलं. त्यातलं निम्म्याहून जास्त त्यांनी आपल्या नावावर दाखवलं.

त्या यादीत माझा डोंबिवलीचा भाचा होता. त्याने ॲप घेतलं ते आमच्या घरच्या ग्रुपवर मी टाकलेल्या लिंकवरून, आणि घेताना मला फोन करून "मामा, कुठलं बटण?" असं विचारतही होता. जाहिरात त्याने पाहिलेली नाही.

कोणता ग्राहक कुठून आला हे ठरवण्याला ॲट्रिब्युशन म्हणतात. सर्वसाधारण नियम असा की इन्स्टॉलच्या आधी शेवटचा क्लिक ज्याचा, श्रेय त्याचं. जाहिरातीविना आपणहून आलेला तो ऑर्गॅनिक, त्याचे पैसे कोणाला द्यायचे नसतात. चोरी इथेच होते. एक पद्धत म्हणजे लाखो फोनांच्या नावाने खोटे क्लिक आधीच पेरून ठेवायचे, त्यातला कोणी पुढे आपणहून आला की श्रेय आपलं. दुसरी पद्धत म्हणजे टॉर्च, वॉलपेपर असल्या एखाद्या फुकट ॲपमधून फोनवर नजर ठेवायची, नवं ॲप उतरतंय असं दिसलं की त्याच क्षणी एक क्लिक ढकलायचा. हिला क्लिक इंजेक्शन म्हणतात. मोठ्या कंपन्याही यातून सुटलेल्या नाहीत. उबरने २०१७ मध्ये आपल्याच जाहिरात एजन्सीला अमेरिकेच्या कोर्टात खेचलं, आरोप हाच की आपणहून आलेल्यांचं श्रेय खोट्या क्लिकवर लाटलं.

याचा पुरावा गुगलच देतं. इन्स्टॉल रेफरर नावाची सोय आहे, तिच्यातून दोन वेळा मिळतात: क्लिक कधी झाला आणि डाउनलोड कधी सुरू झालं. मित्राने भाच्याची नोंद काढली. डाउनलोड सुरू झाल्यावर काही सेकंदांनी क्लिक. जाहिरात बघायच्या आधीच ॲप उतरायला लागलं होतं म्हणे! मग यादीतले बाकीचे तपासले. बरेचसे भाच्यासारखेच. काहींच्या क्लिकमध्ये आणि डाउनलोडमध्ये दिवसच्या दिवस. जाहिरात दाबून आलेला माणूस साधारण मिनिटा-दोन मिनिटांत डाउनलोड सुरू करतो, असे अगदी मोजके निघाले. त्यांचे पैसे आम्ही दिले.

आणखी एक धोका कोणी सांगत नाही. खोटे किंवा आमिष दाखवून मिळवलेले इन्स्टॉल गुगल प्लेच्या धोरणात बसत नाहीत, आणि कारवाई झाली तर ती तुमच्या खात्यावर होते, एजन्सीचं प्ले स्टोअरवर काहीच नसतं. त्यांनी आमच्याकडे कन्सोलचं ॲडमिन मागितलं होतं, मित्राने फक्त बघण्यापुरता प्रवेश दिला. तेवढं एक वाचलं. तुम्ही आकडे नेहमी आपल्या कन्सोलमध्ये बघा, त्यांच्या डॅशबोर्डवर नको, आणि करारात इन्स्टॉलऐवजी 'सातव्या दिवशी परत आलेला' किंवा 'क्लिकनंतर डाउनलोड सुरू करून पैसे भरलेला' असं स्पष्ट लिहून घ्या. हे ऐकून जो बिदकेल त्याला चहा पाजून निरोप द्या.

पोलिसांकडे गेलो तर ते म्हणाले हा दिवाणी मामला. वकिलांनी ग्राहक आयोगाचा रस्ता दाखवला. धंद्यासाठी घेतलेली सेवा एरवी त्या कायद्यात बसत नाही, पण स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठी घेतली असेल तर बसू शकते. शिवाय २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, मुंबईच्या खेपा घालाव्या लागत नाहीत. एजन्सीचा आक्षेप अर्थात हाच, की हा व्यापारी व्यवहार आहे. प्रकरण चालू आहे.

वकिलांनी पहिल्या पॅकेजचा तपशील मागितला तेव्हा एक गोष्ट कळली, ती सगळ्यांनी आजच बघून घ्यावी. फायरबेसच्या नोंदी ज्यात जमा होतात त्या गुगल ॲनालिटिक्समध्ये एकेका वापरकर्त्याच्या पातळीवरची माहिती किती काळ ठेवायची याचं एक सेटिंग असतं. ते मूळचं दोन महिन्यांवर असतं, वाढवून चौदा महिने करता येतं, पण आधीच पुसलेलं परत येत नाही. त्यामुळे त्या पन्नास हजारांच्या तासवार नोंदी आता आमच्याकडे नाहीत, त्या रात्री काढलेले स्क्रीनशॉट तेवढे आहेत. खोट्या कार्डाच्या आणि भाच्याच्या नोंदी मात्र मित्राने वेळीच उतरवून ठेवल्या होत्या. तक्रारीला त्याच जोडल्या आहेत.