रेल्वेचं काम उक्तं द्यावं की झालेल्या खर्चावर?

अमेरिकेत रस्तेखात्यात किंवा काउंटीत नोकरी करणाऱ्या आपल्या मंडळींपैकी कुणाच्या ना कुणाच्या टेबलावर रेल्वे क्रॉसिंगची फाइल येतेच. गेट आणि सिग्नल रेल्वे कंपनीचे, बसवणारी माणसं त्यांची, पैसे मात्र फेडरल निधीतून आपण द्यायचे. भारतात डिपॉझिट वर्क असलं की रेल्वे आधी पैसे भरून घेते आणि मग कामाला हात लावते. इथे बहुतेक वेळा कंपनी आधी खर्च करते आणि मागाहून बिल पाठवते. त्यामुळे करार करतानाच ठरवावं लागतं की बिल झालेल्या खर्चावर घ्यायचं की लम्पसम, म्हणजे सरळ उक्तं. मी दोन्ही प्रकार हाताळलेत.

ज्यांना निवडच नाही त्यांना आधी मोकळं करतो. रुळांवरून मोठा पूल जात असेल, दोन-तीन हंगाम काम चालणार असेल, तर झालेल्या खर्चाचाच करार करा आणि पुढे वाचू नका. फेडरल नियमांत लम्पसमला जागा आहे ती क्रॉसिंगची इशारा-यंत्रणा आणि पृष्ठभाग यांच्यासाठी, मग रक्कम कितीही असो. इतर कामांना १,००,००० डॉलरची मर्यादा आहे. त्यापुढे जायचं तर ते लोकहिताचं आहे हे फेडरल हायवेला, म्हणजे केंद्राच्या महामार्ग खात्याला, पटवावं लागतं. म्हणजे खरा प्रश्न क्रॉसिंगवाल्यांचाच.

झालेल्या खर्चाची पद्धत कागदावर अगदी न्याय्य दिसते. मजुरी टाइमशीटप्रमाणे, माल कंपनीच्या स्टोअरच्या चालू दराने, निघालेला जुना माल पुन्हा वापरण्याजोगा असेल तर त्याची वजावट आपल्याला. जेवढं केलं तेवढंच द्यायचं, यात वाद कसला? वाद मजुरीच्या खालच्या ओळीत असतो, तिचं नाव ॲडिटिव्ह, म्हणजे मजुरीवर चढवलेला वरखर्च. नवखा माणूस ती रक्कम बघून दचकतो. पण तिला कारण आहे. रेल्वे कामगार सोशल सिक्युरिटीत, म्हणजे इथल्या सरकारी पेन्शन योजनेत, येत नाहीत, त्यांची रेल्वे रिटायरमेंट वेगळी आणि मालकाला पडणारा तिचा करही जास्त. कामावर इजा झाली तर वर्कर्स कॉम्प, म्हणजे कामगारांची नेहमीची भरपाई योजना, लागू नाही, रेल्वे कामगारांच्या इजेच्या भरपाईचा १९०८ चा एफईएलए कायदा लागतो. हा सगळा भार प्रत्येक माणसागणिक मोजत बसण्याऐवजी कंपनी आपल्या मागच्या खर्चावरून एक दर काढते, दरवर्षी तो सुधारते आणि राज्य व फेडरल हायवे त्याला मान्यता देतात. ‘एवढा कसा?’ हे तुम्ही विचारायचं नसतं. बिलातला दर त्या वर्षीच्या मान्यतापत्राशी जुळतो का, एवढंच बघायचं. काम नोव्हेंबरात सुरू होऊन फेब्रुवारीत संपलं की एकाच बिलात दोन दर येतात, आणि कुठली टाइमशीट कुठल्या दराखाली गेली हे शोधताना अख्खी दुपार जाते.

फ्लॅगर, म्हणजे रुळांजवळ काम चालू असताना गाड्यांवर लक्ष ठेवणारा रेल्वेचा माणूस, त्याच्या हजेरीचं तर विचारूच नका. पावसामुळे आमच्या कंत्राटदाराने काम बंद ठेवलेलं, आमच्या इन्स्पेक्टरच्या रोजनिशीत ‘काम नाही’, आणि बिलात फ्लॅगरचे पूर्ण आठ तास अधिक प्रवास. चोरी नाही ती. काम रद्द झाल्याचं वेळेत कळवलं नाही तर त्या दिवसाचे पैसे द्यायचे, असं करारातच लिहिलेलं. तरीही रोजनिशी, टाइमशीट आणि करार समोर मांडून कुणीतरी बसावं लागतं, आणि तो कुणीतरी म्हणजे आपणच.

हे सगळं मी एकवेळ सोसलं असतं. माझं मन फिरवलं ते शेवटच्या बिलाने. काम संपल्यावर एका वर्षात कंपनीने अंतिम बिल द्यावं अशी नियमांची अपेक्षा. दुसरीकडे, ज्या प्रकल्पावर बारा महिने फेडरल पैसा खर्ची पडला नाही तो ‘इनॅक्टिव्ह’ यादीत जातो. ही दोन्ही घड्याळं एकदम चालतात. गेट उभे, गाड्या धावताहेत, गावकरीही विसरले की इथे कधी काम चाललं होतं, आणि माझा प्रकल्प त्या यादीत. मग दर खेपेला कारण लिहून द्यायचं, वरच्यांना समजावायचं, तोवर कंपनीचा बिलिंग विभाग तिसऱ्याच गावी हललेला. फोनवरची बाई गोड बोलायची, तक्रार नाही. अखेर बिल आलं तर त्यावर भलत्याच प्रकल्पाचा नंबर. ते परत गेलं, पुन्हा आलं. आणि हिशेब तपासणीसाठी तीन वर्षं कागद जपायचे तेही अंतिम पैसे चुकते झाल्या दिवसापासून, म्हणजे त्या घड्याळाला अजून चावीच दिलेली नव्हती.

उक्त्या कामात भांडण असेल तर ते सहीच्या आधी. कंपनीचं एस्टिमेट ओळ न ओळ वाचा: केबल किती फूट, गेटची यंत्रं किती, सिग्नलची केबिन नवी की जुनीच, माणसांचे दिवस किती. ‘आकस्मिक खर्च’ म्हणून एखादी जाड रक्कम मध्येच दडलेली असते, ती हमखास शोधा. लम्पसममध्ये वाचलेला पैसा परत येत नाही. जुनी पाइप वापरता आली, खोदकाम टळलं, तर तो फायदा त्यांचा. हे मला खटकतं आणि खटकत राहील. शिवाय ऑडिटरला टाइमशीट नको असली तरी ही रक्कम वाजवी आहे हे तुम्ही कशावरून ठरवलं, हे तो विचारणारच. म्हणून आपली स्वतंत्र पडताळणी फाइलला लावा. पण त्यानंतर जागेवर एक पाहणी, एक बिल, आणि प्रकल्प बंद.

कंपनी कोण आहे यावरही थोडं अवलंबून आहे. मोठ्या कंपन्या अशी गेटं नेहमीच बसवतात, त्यांचा अंदाज फारसा चुकत नाही. एखाद्या छोट्या शॉर्ट लाइनला, म्हणजे थोड्या अंतराची स्थानिक रेल्वे चालवणाऱ्या कंपनीला, क्रॉसिंगचं काम कधीमधीच करावं लागत असेल, तर तिचा आकडा जरा संशयानेच बघावा. तिथे कुणी झालेल्या खर्चावर गेलं तर मी अडवणार नाही. मात्र हिशेब ठेवायला तिच्याकडे माणूस आहे का, ते आधी विचारून घ्या. आणखी एक गोष्ट: २०२१ च्या कायद्याने सेक्शन १३० मधला, म्हणजे क्रॉसिंगच्या सुरक्षिततेसाठीच्या फेडरल निधीतला, फेडरल वाटा ९० टक्क्यांवरून १०० टक्के करता येतो. पूर्वी स्थानिक दहा टक्के भरणारे लोक प्रत्येक ओळीचा हिशेब मागायचे, आणि झालेल्या खर्चाच्या बाजूने तो एक मोठा मुद्दा होता. आता त्याला पूर्वीइतकं वजन राहिलेलं नाही.

माझ्या हातात असेल तर गेट-सिग्नलचं काम उक्तंच. फ्लॅगिंग मात्र त्यात घालू देऊ नका. फ्लॅगरचे दिवस आपल्या कंत्राटदाराच्या चालीवर ठरतात, कंपनीला ते आधी कळत नाहीत, म्हणून ती आकडा सढळ हाताने फुगवते. त्याचं कलम वेगळं ठेवा, झालेल्या खर्चावर ठेवा, आणि काम रद्द झालं तर किती तास आधी कळवायचं ते त्या कलमात आकड्यात लिहून घ्या.