खुब्याची झीज: यंत्रावर मोजावी की संगणकावर?

कृत्रिम खुब्याची वाटी (ज्यात सांध्याचा गोळा फिरतो तो खोलगट भाग) किती झिजेल, हे सिम्युलेटर, म्हणजे सांध्याच्या हालचालीची नक्कल करणारं यंत्र, ती प्रत्यक्ष झिजवूनच सांगतं. वासराच्या सीरममध्ये बुडवलेला सांधा सेकंदाला एक आवर्तन या गतीने 50 लाख वेळा फिरवायचा. न थांबता चालवला तरी जवळपास दोन महिने. मधूनमधून वाटी काढून, धुऊन, सुकवून वजनातली घट मोजायची. भरवशाचं, पण वेळखाऊ नि महागडं काम. नवा सांधा बाजारात आणायचा तर ही साक्ष हवीच.

संगणकी मॉडेल तेच कितीतरी लवकर उरकतं. पाया शास्त्रज्ञ आर्चर्डचा 1953चा नियम: झीज म्हणजे भार, घसरण्याचं अंतर आणि झिजेचा गुणांक (पदार्थ किती सहज झिजतो त्याचा आकडा) यांचा गुणाकार. गोम आहे ती गुणांकात. वाटीचं प्लास्टिक, म्हणजे पॉलिथिलीन, एकाच रेषेत घासलं तर कमी झिजतं, दिशा बदलत राहिली तर बरंच जास्त. हे धरलं नाही तर आकडा फसवा. आणि गुणांक येतो कुठून? प्रयोगशाळेतल्या घासणीतूनच!

तरी माझा कौल मॉडेलला. यंत्राची नेहमीची चाचणी साध्या चालण्याची. फोंड्यातली आजी, डॉक्टरांनी कितीही बजावलं तरी, विळीवर बसून बांगडे कापणारच. ती बैठक मॉडेलात घालून बघता येते. वाटी थोडी तिरकी बसली तर काय, तेही.