विद्यापीठाचे बहुउद्देशीय क्रीडा सभागृह: इमारत चांगली, वाऱ्याचे भांडण मिटलेले नाही

आमच्या महाविद्यालयाचा कबड्डी संघ घेऊन गेली दोन वर्षे मी खान्देशातील एका विद्यापीठाच्या बंदिस्त क्रीडा सभागृहात सरावासाठी आणि स्पर्धांसाठी जात आहे. पुढील मत त्या अनुभवावर बेतलेले आहे.

लाकडी तळ उत्तम आहे. उडी मारून उतरताना गुडघ्याला हिसका बसत नाही. बास्केटबॉलच्या २८ गुणिले १५ मीटर मैदानाच्या पोटातच व्हॉलीबॉल आणि बॅडमिंटनच्या रेषा निरनिराळ्या रंगांत आखल्या आहेत, त्यामुळे खेळाडूंचा गोंधळ होत नाही, नवख्या रेषापंचाची मात्र पहिल्या दिवशी तारांबळ उडते. दिवे छताच्या मध्यावर न लावता दोन्ही बाजूंना लावले आहेत; उंच आलेले शटल पाहताना डोळे दिपत नाहीत, यामागे खेळाची जाण असलेला कोणीतरी माणूस असणार.

खरी अडचण वाऱ्याची आहे. शटलचे वजन जेमतेम पाच ग्रॅम, त्यामुळे बॅडमिंटन सुरू असताना दारे लावून पंखे आणि कूलर बंद करावे लागतात; आणि मे महिन्यात, आपल्याकडे पारा ४४ अंशांवर गेला असताना, त्याच बंद सभागृहात कबड्डीचा डाव मांडणे म्हणजे भट्टीत उतरणे होय. बॅडमिंटन पहाटे आणि कबड्डी सायंकाळी, एवढी साधी विभागणी केली तरी निम्मा वाद मिटेल, परंतु वेळापत्रक ज्याने आधी अर्ज दिला त्याच्या सोयीने ठरते.

कबड्डीची मॅट कायम अंथरलेली नसते. पुरुषांच्या १३ गुणिले १० मीटर मैदानासाठी चौरस मीटरचे १३० तुकडे दातांत दात अडकवून जोडावे लागतात आणि हे काम आमचीच मुले करतात. पाऊण तास त्यातच जातो, दमही तिथेच लागतो. काही तुकड्यांचे दात झिजले आहेत. मागच्या खेपेस निदान रेषेजवळचा (चढाईपटूला ओलांडावीच लागते त्या रेषेजवळचा) एक कोपरा बोटभर उचललेला होता. आमचा चढाईपटू तिथे ठेचकाळला आणि उठून एवढेच म्हणाला, "सर, आठे पाय अटकस." (अहिराणीत: इथे पाय अडकतो.) आम्ही त्यावर चिकटपट्टी लावून सामना पूर्ण केला. तो तुकडा बदलण्याविषयी लेखी कळवले, पुढच्या महिन्यात गेलो तेव्हा आमचीच चिकटपट्टी तिथे होती.

स्वच्छतागृहे ठीक, पिण्याचे पाणी घरून न्यावे.

खो-खोला मात्र या सभागृहात जागाच नाही. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेला पहिला खो-खो विश्वचषक बंदिस्त सभागृहात मॅटवर खेळला गेला आणि भारताच्या पुरुष व महिला अशा दोन्ही संघांनी तो जिंकला. इथे खो-खोच्या मुली अजून बाहेरच्या मुरमाड मैदानावर, दुपारी चारच्या उन्हात, खांबाला ओले फडके गुंडाळून सराव करतात, कारण तापलेल्या खांबाला हात लावून वळता येत नाही.