‘डेट’ कमांडवर देशोदेशीच्या वेळा : उद्यमबागेतला वर्षभराचा अनुभव

बेळगावच्या उद्यमबागेत एका फाउंड्रीत एक्स्पोर्टचं काम बघतो. कास्टिंग इथून बाहेर पडतं, पण त्याबद्दलचं बोलणं चालतं अमेरिकेतल्या मिलवॉकी, जर्मनीतल्या श्टुटगार्ट आणि ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नच्या लोकांशी. बोलायचं म्हटलं की पहिला प्रश्न वेळेचा. गेल्या वर्षीच्या दिवाळीपासून हा हिशोब मी उबुंटू लिनक्सच्या टर्मिनलवर, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, साध्या ‘डेट’ कमांडने करतोय. विकत काही घेतलेलं नाही, लिनक्सबरोबर फुकट येते ती ग्नूची कमांड. वर्ष होत आलं, तेव्हा काय पटलं आणि काय खटकलं ते लिहून ठेवतो.

त्याआधी आमच्या टेबलामागच्या भिंतीवर एक कागद चिकटवलेला असायचा. मिलवॉकी साडेअकरा तास मागे, जर्मनी साडेचार तास मागे, मेलबर्न साडेपाच तास पुढे. डिसेंबरात तिन्ही ओळी बरोबर, जुलैत तिन्ही चूक. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ तासभर पुढं करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागं घेतात. युरोपात तेच मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. मेलबर्नचं सगळं उलटं, एप्रिलच्या पहिल्या रविवारी मागं आणि ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी पुढं. त्याच देशातले ब्रिस्बेनवाले तर घड्याळाला हातच लावत नाहीत. आपण बारा महिने ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढं, ठाम. घोळ त्यांचा, जागरण आपलं.

खरी गंमत मार्चमध्ये होते. २०२५ साली अमेरिकेचं घड्याळ ९ मार्चला सरकलं आणि युरोपचं ३० मार्चला. आमचा बुधवारचा तिघांचा कॉल मिलवॉकीच्या सकाळी आठला बांधलेला. थंडीत तो आपल्याकडे संध्याकाळी साडेसातला आणि श्टुटगार्टला दुपारी तीनला येतो. ९ मार्चनंतर तो आपल्याकडे साडेसहाला आला, पण जर्मनांना एकदम दोनला. ३० तारखेनंतर जर्मन पुन्हा तीनवर गेले आणि आपण साडेसहावरच राहिलो. आमचे क्वालिटीवाले काका रोज खानापूरहून ये-जा करतात. त्यांचं विचारणं एकच : “काय वो, आज साडेसहा का साडेसात? गाडी गाठायची हाय की मला.” एक तास इकडं-तिकडं म्हणजे काय, ते त्यांना विचारा.

कमांड तोंडी सांगायची तर अशी. ‘डेट’ लिहायचं, पुढं उणे डी, मग एकेरी अवतरणचिन्हांत टीझेड (म्हणजे टाइम झोन) बरोबर, दुहेरी अवतरणात अमेरिका/शिकागो, आणि त्याच एकेरीत पुढं तारीख आणि वेळ. मशीन आपल्या वेळेवर लावलेलं असेल तर उत्तरही आपल्या वेळेत येतं. ५ मार्च २०२५, सकाळचे आठ दिले की साडेसात. १२ मार्च दिला की साडेसहा. ‘किती तास मागे’ हा आकडा आपण द्यायचाच नाही. गाव आणि तारीख द्यायची, बाकी त्याचं ते बघतं. मला आवडलं ते हेच. फोनमधलं जगाचं घड्याळ आत्ता तिथं किती वाजलेत तेवढं सांगतं, पण पुढच्या महिन्यातल्या बुधवारी किती वाजलेले असतील ते त्यात दिसत नाही.

गावांची नावं मात्र कमांड वापरते त्या टाइम झोनच्या यादीत असतील तशीच द्यावी लागतात. मिलवॉकी नाही, शिकागो आहे. श्टुटगार्ट नाही, बर्लिन आहे. बेळगाव, पुणे, मुंबई कुणीच नाही, अख्ख्या देशाला एक कोलकाता. १९७० पासून ज्या भागांची घड्याळं एकसारखी चालली त्यांना एकच नाव, असा त्या यादीचा नियम आहे, त्यामुळे रुसून उपयोग नाही.

आता खटकलेलं. नावात एक अक्षर चुकलं तर ही कमांड चूक झाल्याचं सांगत नाही. मुद्दाम ‘डेट’च्या आधी टीझेड म्हणून ‘एशिया/बेळगाव’ देऊन पाहिलं. उत्तर आलं, तेही अगदी नीटनेटकं, फक्त वेळ ग्रीनिचची आणि आयएसटीच्या (भारतीय प्रमाणवेळेच्या) जागी नुसतं ‘एशिया’ छापलेलं. पहिलं अक्षर कॅपिटल नसलं तरी हीच गत. म्हणजे साडेपाच तासांचा फरक, आणि तो ओळखायचा शेवटच्या एका शब्दावरून. उलट ९ मार्च २०२५ च्या पहाटे शिकागोत अडीच वाजता मीटिंग आहे म्हणून सांगून बघा, ‘तारीख अवैध’ म्हणून तोंडावर फेकून मारतं, कारण त्या रात्री दोनाचे एकदम तीन झाले. नसलेली वेळ पकडते आणि नसलेलं गाव खपवून घेते, हे मला आजतागायत पटलेलं नाही. म्हणून आता नावं हातानं टाइप करतच नाही; तिन्ही गावं एका छोट्या फंक्शनमध्ये लिहून ठेवलीत आणि प्रत्येक ओळीत ग्रीनिचपासूनचा फरक छापून घेतो.

दुसरी गोष्ट लघुरूपांची. अमेरिकेतले लोक जुलैतही मेलमध्ये बिनधास्त ‘सीएसटी’ (शिकागोकडची थंडीतली वेळ) लिहितात, खरं तर तेव्हा त्यांच्याकडे ‘सीडीटी’ (तिथलीच उन्हाळ्यातली वेळ) चालू असतं. आपण ‘१५ जुलै, सकाळी आठ, सीएसटी’ जसंच्या तसं दिलं की कमांड शब्दाला जागते आणि साडेसात सांगते. समोरचा साडेसहालाच येऊन बसलेला असतो. शिवाय चीनची वेळही सीएसटीच, आणि आयर्लंड, इस्रायल हेही आयएसटी लिहितात. मेलमधलं लघुरूप खोडायचं आणि गाव घालायचं, त्याला पर्याय नाही.

नेट लागत नाही ही मोठी सोय. खानापूरकडं पावसाळ्यात लाईट गेली की नेट जातंच, लॅपटॉपची बॅटरी असेपर्यंत हे चालतं. पण वेळांचे नियम ज्या ‘टीझेडडेटा’ पॅकेजमधून येतात ते अधूनमधून अपडेट करावं लागतं, कारण सरकारं मनात आलं की नियम फिरवतात. मेक्सिकोनं २०२२ च्या ऑक्टोबरात उन्हाळी वेळ, म्हणजे घड्याळ तासभर पुढं करणं, बहुतेक देशात बंद केली, इजिप्तनं २०२३ मध्ये ती पुन्हा आणली. वर्षानुवर्षं अपडेट न केलेल्या पीसीला यातलं काही ठाऊक नसतं, तो जुन्याच नियमानं छातीठोक उत्तर देतो.

या नियमांच्या साठ्याचा एक किस्सा सांगायलाच हवा. आर्थर डेव्हिड ओल्सन आणि पॉल एगर्ट यांनी वर्षानुवर्षं तो सांभाळला. २०११ मध्ये ज्योतिषाचं सॉफ्टवेअर करणाऱ्या एका अमेरिकन कंपनीनं आपल्या पुस्तकातली माहिती घेतली म्हणून दोघांवर दावा लावला. काही महिन्यांत तो मागं घेतला, पण त्या गडबडीत साठ्याची जबाबदारी आयानाकडं (इंटरनेटचे पत्ते-नावं सांभाळणाऱ्या संस्थेकडं) गेली. पत्रिका मांडणाऱ्यांना या साठ्यात रस का असावा, ते आमच्या शहापूरच्या मामांमुळं कळलं. त्यांच्याकडं १९४३ सालच्या जन्माची एक पत्रिका होती. तारीख कमांडला दिली तर फरक साडेपाचाचा नाही, साडेसहाचा आला! महायुद्धात भारतातही घड्याळ तासभर पुढं होतं, हे मामांच्याही ध्यानात नव्हतं. जन्मवेळ लिहिणाऱ्यानं कुठलं घड्याळ बघितलं होतं, यावर त्या दिवशी बराच वेळ चर्चा रंगली. कमांडकडं त्याचं उत्तर नाही.

मॅकवाल्यांनी एक लक्षात ठेवावं, तिथली ‘डेट’ वेगळ्या घराण्यातली आहे आणि वरची पद्धत तिच्यावर चालत नाही. ग्नूच्या कमांडचं ‘कोअरयुटिल्स’ पॅकेज वेगळं बसवलं की ‘जीडेट’ नावानं हीच कमांड मिळते. विंडोजवर मी डब्ल्यूएसएलमध्ये (विंडोजच्या आतच लिनक्स चालवायची सोय) उबुंटू घालून चालवतो.

ऑफिसात बाकी कुणी टर्मिनल उघडायला तयार नाही, काळी खिडकी बघूनच लोक मागं सरतात. मग सोमवारी सकाळी फंक्शन चालवून आठवड्याच्या कॉलच्या वेळा मीच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकतो. तो भिंतीवरचा कागद अजून तिथंच आहे. काढायला गेलो तर डिस्पॅचवाला म्हणाला, असू द्या की, डिसेंबरात लागतोय.