चार जीबी घातली, सव्वातीनच दिसते: छाटावं, दुरुस्त करावं की तसंच रेटावं?

निपाणी-चिकोडीकडच्या डीटीपीवाल्यांच्या टेबलावर अजून जुने डेस्कटॉप दिसतात. त्यातल्या एखाद्यात चार जीबी रॅम घातली की मशीन उलट बैलगाडी होतं. रॅम बदलून बघतात, तरी तेच. खोट असते बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू करून देणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्राममध्ये.

सुरू होताना बायोस दोन गोष्टी ठरवून ठेवतो. एक, ई८२० नकाशा : कुठली मेमरी वापरायची. दुसरी, प्रोसेसरच्या एमटीआरआर रजिस्टरांतली नोंद : त्यातली कुठली कॅशमधून, म्हणजे प्रोसेसरच्या जवळच्या वेगवान साठ्यातून, चालेल. कॅश नसलेली मेमरी फार हळू चालते. उताऱ्यावर चार एकर, पण पाट (म्हणजे कॅश) सव्वातीन एकरांपर्यंतच, असा प्रकार होतो. चार जीबीच्या खालचे काही पत्ते ग्राफिक्स आणि पीसीआय कार्डं घेतात, म्हणून तिथली रॅम वर सरकवली जाते. निष्काळजी बायोस पाट तिथवर न्यायला विसरतो. आणि कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, बरेचदा वरच्या टोकाचीच मेमरी आधी लागते, म्हणून सगळंच मशीन रखडतं.

तसंच रेटायचं तर चारही जीबी मिळतात, पण काम होत नाही. लिनक्समध्ये 'डिसेबल एमटीआरआर ट्रिम' दिलं की हेच होतं. माझ्या मते तो पर्याय तपासणीपुरताच.

लिनक्स २००८पासून कोरडा तुकडा सरळ सोडून देतो आणि बूट लॉगमध्ये, म्हणजे सुरू होतानाच्या नोंदींत, बायोसचं नाव घेऊन किती एमबी गेली ते लिहितो. मला हेच पटतं. नुकसान होतं, पण सांगून होतं. बायोसवर विश्वास नसला की लिनक्स असाच वागतो : २०२१च्या ५.१३ आवृत्तीपासून तो पहिली एक एमबी मेमरी नेहमीच्या कामाला वापरतच नाही, कारण तिथे बायोस परस्पर गिरगटतो. एका एमबीनं कुणाचं काय अडतंय?

मग ऑपरेटिंग सिस्टिमनंच पाट का वाढवू नये? बोर्डावरच्या कुठल्या उपकरणानं कुठले पत्ते धरलेत, हे तिला खात्रीनं कळत नाही. लिनक्समधली 'एमटीआरआर क्लीनअप' फक्त असलेल्या नोंदींची मांडणी बदलते, नवं शिवार भिजवत नाही. नावाला भुलू नका.

विंडोज 'युजेबल ३.२५ जीबी' एवढंच सांगून मोकळं होतं. त्यातही बत्तीस बिटी विंडोज असेल तर हा आकडा नेहमीचाच, बायोसला बोल लावू नका. कन्नड कामासाठी 'नुडी' हे टायपिंगचं सॉफ्टवेअर लागतं म्हणून अनेकांना विंडोज सोडता येत नाही. त्यांनी आधी पेनड्राइव्हवरून चौसष्ट बिटी लिनक्स चालवून लॉग वाचावा. बेळगावात सेकंडहँड मशीन घेतानाही दुकानातच हे करा, पाच-दहा मिनिटांचं काम.

आठ जीबीतून तीनशे एमबी गेली तर दुर्लक्ष करा. चारातून पाऊण गेली तर बोर्डाच्या कंपनीचा नवा बायोस शोधा, खरा इलाज तोच. फक्त खानापूरकडे असाल तर पावसाळ्यात यूपीएसशिवाय त्याला हात लावू नका : अपडेट अर्ध्यावर असताना लाइट गेली, तर पाऊण जीबीसाठी अख्खा बोर्ड जायचा.