शॉटगनवर माशी, रेड डॉट की स्कोप? न्यू जर्सीतल्या एका सीझननंतर

घाईत असणाऱ्यांसाठी निकाल आधी. हरणाच्या शिकारीसाठी मी वापरतो त्या मॉसबर्ग ५०० या पंप शॉटगनच्या स्लग बॅरलवर (छर्ऱ्यांऐवजी एकच जाड गोळी मारायची नळी) सध्या १-४ पॉवरचा, म्हणजे एक ते चार पट मोठं दाखवणारा, छोटा स्कोप आहे आणि तो बहुतेक वेळ २ वरच असतो. त्याआधी याच बंदुकीवर रेड डॉट, म्हणजे काचेत लाल ठिपका दाखवणारी साइट, होती. तीही वाईट नव्हती, फक्त माझ्या डोळ्यांचं आणि तिचं जमलं नाही. तुमचं वय पस्तिशीच्या आत असेल आणि डोळे धड असतील, तर माझा निकाल जसाच्या तसा उचलू नका.

पेनसिल्व्हेनियातल्या मित्रांचे सल्ले मला फारसे लागू पडत नाहीत, कारण ते रायफलवाले. न्यू जर्सीत हरणासाठी नेहमीची रायफल चालतच नाही. शॉटगन, मझललोडर (तोंडातून बार भरायची बंदूक) किंवा धनुष्य, एवढेच पर्याय. अमेरिकेतलं हे सगळ्यांत दाट वस्तीचं राज्य, दोन शेतं ओलांडली की कुणाचं तरी घर. बंदूक असेल तर इमारतींपासून ४५० फूट लांब राहायचं हा नियम वेगळाच. आणि शॉटगनमधून स्लग मारायचा असेल तर बंदुकीवर कमीजास्त करता येणारी उघडी साइट, पीप (भोकातून बघायची साइट) किंवा स्कोप लागतो. नळीच्या टोकावरची नुसती माशी (नेम धरायचा मणी) छर्ऱ्यांना चालते, स्लगला नाही. नियम नसता तरी मी माशीवर भरवसा ठेवला नसता. मागची साइट हा आपला डोळाच असतो, आणि गाल दस्त्यावर जरा वर-खाली टेकला की ५० यार्डांवर गोळी कित्येक इंच हलते. उडत्या फेझंटला त्यानं बिघडत नाही, कारण तिथे छर्ऱ्यांचा पसारा असतो. स्लग म्हणजे एकच गोळी.

माझी जागा हंटरडन काउंटीतली. कापणी झालेली मक्याची आणि सोयाबीनची शेतं, मधेमधे ओकच्या झाडीचे पट्टे. हरीण दिसतं ते बहुधा ३० ते ८० यार्डांवर, आणि उजेड धड नसताना. कायद्याने सूर्योदयाआधी अर्धा तास ते सूर्यास्तानंतर अर्धा तास अशी वेळ मिळते. व्हाइटटेल, म्हणजे इथलं हरीण, नेमकं याच दोन टोकांना बाहेर पडतं. थोडक्यात, लांब पल्ल्याचा इथे प्रश्न नाही. प्रश्न आहे तो अंधुक उजेडाचा, फांद्यांचा आणि जाड जॅकेटचा.

(हे मराठीत लिहितोय म्हटल्यावर "तिकडे हे चालतं का?" हा प्रश्न येणारच. भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर हा विषय बंद झाला, आणि ते योग्यच झालं. इथे हंटर एज्युकेशनचा कोर्स, लायसन्स आणि बंदूक विकत घेण्यासाठी वेगळं ओळखपत्र, हे सगळं सोपस्काराप्रमाणे करावं लागतं. आणि हरणाच्या खिम्याला आपला गोडा मसाला चालत नाही. काळा मसाला घाला.)

बंदूक कॉम्बो म्हणून घेतली होती: पक्ष्यांसाठी लांब फील्ड बॅरल आणि स्लगसाठी २४ इंची, आतून आटे (गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा) पाडलेलं बॅरल. आट्यांचं बॅरल असेल तर सेबो स्लग, म्हणजे प्लास्टिकच्या आवरणात बसवलेली गोळी. गुळगुळीत असेल तर फॉस्टर पद्धतीचा, म्हणजे ज्याला दुकानात रायफल्ड स्लग म्हणतात तो. उलटापालट केली तर पैसे वाया. सेबोला फिरकी मिळाली नाही तर तो सरळ जात नाही, आणि फॉस्टरचं मऊ शिसं आट्यांत बसतं. साइट निवडण्याआधी हे ठरवा, कारण गुळगुळीत बॅरल आणि फॉस्टर असेल तर तुमचा पल्ला ७५ यार्डांच्या आसपास संपतो. ५० वर झिरो केलेला (म्हणजे त्या अंतरावर नेम आणि गोळी जुळवलेला) फॉस्टर १०० यार्डांवर पाचेक इंच खाली गेलेला असतो. त्यासाठी ९ पॉवरचा स्कोप घेणं म्हणजे उगाच वजन वाहणं.

बॅरलबरोबर उघडी रायफल साइट येते, तिच्यावरही काही दिवस काढले. नियमात बसते, बॅटरी नाही, पावसात काचा पुसायला नकोत. पण मला चाळिशी लागलेली. मागची खाच, पुढची माशी आणि हरीण, या तिन्हींपैकी एका वेळी एकच गोष्ट स्पष्ट दिसणार. दुपारी कागदावर जमवून घेता येतं. संध्याकाळी पावणेपाचला, ढगाळ हवेत, खाच कुठे संपते आणि माशी कुठे सुरू होते हेच कळेना. पीप साइटनं यात बरीच सुधारणा होते, कारण बारीक भोकातून बघितलं की डोळ्याला सगळंच जास्त रेखीव दिसतं. मात्र तेच भोक उजेडही खातं. म्हणून ज्यांना पीप लावायची त्यांनी मोठ्या भोकाची घोस्ट रिंग घ्यावी.

मग रेड डॉट. २ एमओएचा ठिपका, सीआर २०३२ बॅटरी, हललं की आपोआप चालू होणारा. कंपनीचं नाव देत नाही, कारण या भावातले सगळेच साधारण एका पठडीतले आहेत आणि माझा मुद्दा प्रकाराबद्दल आहे. चांगलं आधी सांगतो. ठिपका आणि हरीण एकाच अंतरावर दिसतात, त्यामुळे चाळिशीचा त्रास शून्य. दोन्ही डोळे उघडे ठेवता येतात. डोळा काचेपासून किती लांब असावा याचं बंधन नाही, म्हणजे १२ गेजचा धक्का कितीही बसो, भुवई सुरक्षित. झाडीत चालता चालता समोर अचानक हरीण उठलं, तर यापेक्षा झटपट काही नाही. ठिपक्याच्या आकाराचं गणितही सोपं आहे: १ एमओए म्हणजे १०० यार्डांवर साधारण १ इंच. म्हणजे २ चा ठिपका ५० यार्डांवर इंचभर जागा झाकतो, ६ चा तीन इंच. हरणाच्या फुप्फुसांचा भाग आठेक इंचांचा धरला, तर ३-४ एमओएपर्यंत काहीच अडचण नाही.

अडचण आली ती ॲस्टिग्मॅटिझमची, म्हणजे डोळ्याच्या सिलिंडर नंबरच्या दोषाची. माझ्या उजव्या डोळ्याला ठिपका गोल दिसतच नव्हता. एका बाजूला शेपूट फुटलेला, आणि उजेड कमी झाला की आणखी पसरलेला. दुकानदार म्हणाला, मॉडेल बदला. मॉडेल बदलण्याआधी एक तपासणी फुकटात होते: फोनचा कॅमेरा काचेमागे धरून फोटो काढा. फोटोत ठिपका गोल आला तर दोष डोळ्यात आहे, वस्तूत नाही. माझ्या फोटोत तो छान गोल होता. चष्म्याचा सिलिंडरचा नंबर बरोबर असेल तर बराच फरक पडतो, ब्राइटनेस कमी केला तरीही पडतो. पण डिसेंबरच्या थंडीत, तोंडावर मफलर घेऊन बसल्यावर, चष्मा वाफेने भरतो आणि तो काढावाच लागतो. तेव्हा परत शेपूट. सकाळच्या पहिल्या पंधरा मिनिटांत हरणाच्या खांद्यावर शेपटीवाला ठिपका ठेवून चाप ओढणं मला पटलं नाही. बाकी हा रेड डॉट बिनबोभाट चालला. थंडीत बॅटरी बसली नाही, धक्क्याने झिरो हलला नाही.

स्कोपची बाजू इथे वरचढ ठरते. क्रॉसहेअर (नेमाची फुली) काचेवर कोरलेला किंवा बारीक तारेचा असतो, तो उजेडाचा ठिपका नव्हे. डोळ्याजवळचा भाग फिरवून तो आपल्या नजरेला जुळवून घेता येतो. मी चष्म्याशिवाय जुळवून ठेवलाय. पुढची काच २४ मिलिमीटरची. तिला पॉवरने भागलं की डोळ्यापर्यंत येणारा उजेडाचा झोत किती रुंद ते कळतं: ४ वर ६ मिलिमीटर, २ वर १२. पन्नाशीकडे झुकलेल्या माणसाची बाहुली अंधारातही पाच-सहा मिलिमीटरच्या फार पुढे उघडत नाही, म्हणजे ४ वरही काही कमी पडत नाही. ३-९x४० वाला (३ ते ९ पॉवर, ४० मिलिमीटरची काच) स्कोप ९ वर ठेवला तर हाच आकडा ४.४ होतो. शिवाय ४ वर १०० यार्डांवरचा २५-३० फुटांचाच पट्टा दिसतो. हरीण ३० यार्डांवर असेल तर जेमतेम आठ-नऊ फुटांचा. म्हणून २.

स्कोप घेताना पॉवरच्या आधी डोळ्यापासूनचं अंतर बघा. साडेतीन इंचांच्या खाली काहीही शॉटगनवर लावू नका. सेबो स्लगचा धक्का .३०-०६ रायफलीला मागे टाकतो. रेंजवर कपाळावर चंद्रकोर उमटवून घेतलेली मंडळी दिसतात, आणि ती टिकली नसते. जाड जॅकेट घातलं की दस्ता खांद्यापासून पुढे सरकतो आणि डोक्याची जागाही बदलते. म्हणून स्कोप रिंगांमध्ये मागेपुढे बसवताना अंगात तेच जॅकेट हवं, टी-शर्टवर दुकानात केलेलं माप कामाचं नाही. पॅरॅलॅक्स (डोळा जरा हलला की क्रॉसहेअर लक्ष्यावरून सरकल्यासारखा दिसणं) हा दुसरा मुद्दा: रायफलचे स्कोप साधारण १०० यार्डांना जुळवलेले असतात, शॉटगनसाठी म्हणून विकतात ते ५० किंवा ७५ ला. कमी पॉवरला फरक थोडाच, पण त्याच भावात मिळत असेल तर शॉटगनवालाच घ्या.

आता जे खरं महत्त्वाचं, आणि ज्यावर लोक सगळ्यांत कमी पैसे घालतात: बैठक, म्हणजे स्कोप बंदुकीला धरून ठेवणारं माऊंट. पंप शॉटगनचं बॅरल रिसीव्हरमध्ये (बंदुकीच्या मधल्या सांगाड्यात) घट्ट ठोकलेलं नसतं. एक मोठा स्क्रू सोडला की ते हातात येतं, हीच तर तिची सोय. मग रिसीव्हरवर स्कोप बसवला आणि साफसफाईनंतर बॅरल केसभर वेगळं बसलं, की झिरो गेला. ट्रिगरच्या पिनांच्या जागी बसणारं, रिसीव्हरला खोगिरासारखं बिलगणारं माऊंट तर मी घेणारच नाही. ओळखीतल्या एकाचं दर दोन रेंजफेऱ्यांनी सरकत होतं. उपाय म्हणजे कँटिलिव्हर बॅरल. यात माऊंट बॅरललाच जोडलेलं असतं आणि मागे रिसीव्हरवर नुसतं तरंगतं. बॅरल काढा, लावा, स्कोप आणि नळीचं नातं तेच राहतं. माझ्या कॉम्बोतलं स्लग बॅरल साध्या साइटचं होतं, म्हणून कँटिलिव्हरवालं वेगळं घेतलं. स्कोपपेक्षा महाग पडलं. तरी आज परत सुरुवात करायची झाली तर आधी हेच घेईन आणि उरलेल्या पैशांत बसेल तो स्कोप.

त्याचा आणखी एक फायदा कुणी सांगत नाही. बॅरल आणि स्कोप एकत्र काढून वाळूच्या पिशव्यांवर ठेवायचं, नळीतून आरपार २५ यार्डांवरचा कागद बघायचा आणि क्रॉसहेअर तिथेच आणायचा. पहिलीच गोळी कागदावर लागते. सेबोची काडतुसं काही स्वस्त येत नाहीत, तेव्हा हे पैसे वाचवणंच आहे. मग ५० यार्ड. इथे एक ध्यानात ठेवा: स्कोपच्या चकतीचा पाव एमओएचा एक क्लिक ५० यार्डांवर इंचाचा आठवा भागच हलवतो. दोन इंच सरकवायचं तर सोळा क्लिक. दोन-तीन कंपन्यांचे स्लग आणून बघा, प्रत्येक बॅरलची आवड वेगळी असते. माझ्याकडे एका प्रकारचे ५० यार्डांवर दोन इंचांत बसतात, दुसऱ्याचे पाच इंचांत पसरतात. मी झिरो ७५ वर ठेवलाय. ५० ला जेमतेम वर, १०० ला दोनेक इंच खाली. रिंगांचे स्क्रू इंच-पौंडांच्या टॉर्क ड्रायव्हरने आवळा, बेसच्या स्क्रूंना निळं लॉकटाइट (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद) लावा. मनगटाच्या अंदाजाने आवळलेले स्क्रू स्लगपुढे टिकत नाहीत.

तक्रारी आहेतच. स्कोप आल्यापासून डोळा उंच गेला आणि साध्या दस्त्यावरून गाल उठायला लागला. वरून पट्ट्याने बांधायचा गालटेका घ्यावा लागला, तो ओला झाला की सरकतो. पावसात काचेवरची झाकणं उघडताना टक् आवाज होतो आणि डो (हरणाची मादी) मान वर करते. बंदूक जवळजवळ एक पौंडाने जड झाली. स्टँडवर बसणाऱ्याला ते जाणवत नाही, झाडीतून हाकारा करणाऱ्याला नक्की जाणवेल. त्याने रेड डॉटच ठेवावा.

माझा रेड डॉट मी विकलेला नाही. एप्रिलमध्ये टर्कीचा सीझन सुरू झाला की फील्ड बॅरल चढेल. या बंदुकीच्या रिसीव्हरला कारखान्यातूनच भोकं पाडलेली आहेत, तिथे छोटी रेल लावून ठिपका परत येईल. छर्ऱ्यांना त्याची शेपूट चालते. फक्त ४० यार्डांवर मोठ्या कागदावर एकदा पसारा कुठे पडतो ते बघून घ्यायचं आहे.