घरगुती चित्रीकरणासाठी सोनीचा सीएक्स ४०५ हँडीकॅम: वापरणाऱ्या घरांचे अनुभव

सोनी कंपनीने २०१५ साली आणलेला एचडीआर-सीएक्स ४०५ हा हँडीकॅम आमच्या घरी अनेक वर्षे वापरात आहे. माझ्या बहिणीकडे, मुलाच्या शाळेतल्या एका शिक्षिकांकडे आणि भजनी मंडळात पेटी वाजवणाऱ्या एका स्नेह्यांकडेही हाच कॅमेरा आहे. त्यामुळे पुढे जे लिहिले आहे त्याला माझ्या वापराइतकाच या सगळ्यांच्या अनुभवांचाही आधार आहे. घरोघरी उत्तम मोबाइल असताना वेगळा व्हिडिओ कॅमेरा कशाला, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो आणि तो रास्तच आहे. ज्यांना लांब बसून, बराच वेळ, एकाच जागेवरून कार्यक्रम टिपायचा असतो त्यांच्यासाठी या कॅमेऱ्याला आजही चांगला पर्याय नाही, आणि ज्यांना फक्त वाढदिवसाचा केक आणि सहलीतले दोन-दोन मिनिटांचे तुकडे हवे आहेत त्यांना त्याची अजिबात गरज नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

कॅमेऱ्याची खरी ताकद त्याच्या झूममध्ये आहे. भिंगाचा ऑप्टिकल झूम, म्हणजे भिंगे सरकवून होणारा, चित्र पुसट न करणारा झूम, ३० पट आहे. ३५ मिलिमीटर फिल्मच्या कॅमेऱ्याच्या मापात सांगायचे तर २६.८ मिलिमीटरच्या रुंद दृश्यापासून ८०४ मिलिमीटरपर्यंत तो जातो. या आकड्यांचा अर्थ शाळेच्या स्नेहसंमेलनात कळतो. सभागृहात पालकांची जागा शेवटच्या रांगांत असते, पुढे पाहुणे आणि संस्थेचे पदाधिकारी बसलेले असतात, आणि मोबाइल उंच धरून झूम केला की रंगमंचावरच्या मुलांचे चेहरे पुसट ठिपके होऊन जातात. आमच्या शाळेच्या एका कार्यक्रमात जिजाऊंची भूमिका करणारी मुलगी मधेच संवाद विसरली. तिने ओठ घट्ट मिटले, डोळ्यांच्या कोपऱ्यातून विंगेतल्या बाईंकडे पाहिले, बाईंनी नुसते ओठ हलवून पहिला शब्द दिला आणि मुलीने मान ताठ करून पुढचे वाक्य खणखणीत म्हटले. शेवटून दुसऱ्या रांगेतून घेतलेल्या त्या चित्रीकरणात तिची नजर कुठून कुठे गेली हे स्वच्छ दिसते. त्या मुलीच्या आईने ते पाहिल्यावर पुढच्याच महिन्यात हाच कॅमेरा घेतला.

मात्र इतक्या झूमवर हात स्थिर राहत नाही. कॅमेऱ्यातली स्थिरीकरणाची सोय रुंद दृश्यात आणि मध्यम झूममध्ये फार चांगली चालते, चालता चालता घेतलेले दृश्यही पाहण्यासारखे येते. पण झूम पूर्ण ताणला की श्वासागणिक चित्र हलते. तेव्हा साधासा का होईना, ट्रायपॉड घ्यावाच, आणि तो घेताना त्याचे डोके आडवे फिरवताना अडकत नाही ना, हे दुकानातच फिरवून पाहावे. बहिणीने सुरुवातीला जो हलका ट्रायपॉड घेतला होता त्याचे डोके झटके देत फिरायचे, त्यामुळे भाचीच्या भरतनाट्यमच्या अरंगेत्रमचे अर्धे चित्रीकरण खडबडीत झाले आहे. झूमच्या पट्टीवर बोट हलके ठेवले तर झूम हळू होतो आणि जोरात दाबले तर भरकन, हेही सवयीनेच जमते. चित्रीकरण चालू असताना सतत झूम करत राहण्यापेक्षा चौकट ठरवून थोडा वेळ तिथेच थांबावे. घरच्यांना नंतर पाहताना त्याने फार बरे वाटते.

दुसरा मोठा गुण म्हणजे कॅमेरा न थांबता चालतो. कॅमेऱ्याच्या कडेचा पडदा उघडला की कॅमेरा सुरू होतो, अंगठ्याखालचे बटण दाबले की चित्रीकरण सुरू होते, आणि कार्डात जागा व बॅटरीत दम असेपर्यंत ते चालत राहते. मधे फोन येत नाही, साठवण संपल्याची सूचना झळकत नाही, आणि चित्रीकरणाच्या नादात घरच्यांशी संपर्क तुटत नाही. मुंजीसारख्या सकाळभर चालणाऱ्या विधीत किंवा दोन तासांच्या कीर्तनात हे फार महत्त्वाचे ठरते. वजन जेमतेम २०० ग्रॅमच्या आसपास असल्याने हातही भरून येत नाही. अडचण येते ती बॅटरीची. आमच्याकडे सलग चित्रीकरणात ती दीड तासाच्या आतबाहेर उतरते, आणि हा कॅमेरा बॅटरी पोटात घेत असल्याने जुन्या हँडीकॅमप्रमाणे मागे मोठी, जाड बॅटरी लावण्याची सोय इथे नाही. एनपी-बीएक्स १ या प्रकारची एक जादा बॅटरी आणि बाहेरचा चार्जर हे कॅमेऱ्याबरोबरच घेतलेले बरे. यूएसबीची तार हातपट्ट्यातच बसवलेली आहे. ती हरवत नाही हे खरे, पण आखूड असल्याने चार्जिंगला लावताना जोडतार लागतेच.

आता आवाजाविषयी, कारण सर्व मालकांची एकमुखी तक्रार याच बाबतीत आहे आणि खरेदीपूर्वी ती नीट समजून घेतली पाहिजे. या कॅमेऱ्याला बाहेरचा मायक्रोफोन जोडण्याचे भोकच नाही, हेडफोनचेही नाही. कॅमेऱ्यावरचा स्टिरिओ माइक खोलीतल्या गप्पांना, बाळाच्या बोबड्या बोलांना, अंगणातल्या खेळाला पुरेसा आहे. सभागृहात मात्र तो आपल्या शेजारी बसलेल्या काकांचा खोकला रंगमंचावरच्या गाण्याइतक्याच आस्थेने टिपतो, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला की आवाजाची पातळी आपोआप खाली जाते व पुढची दोन-तीन वाक्ये दबून येतात. भजनाच्या चित्रीकरणात तर टाळांचा आवाज इतका वर येतो की बुवांचे शब्द त्यात बुडून जातात.

यावर आमच्या पेटीवाल्या स्नेह्यांनी शोधलेला उपाय मला पटला आणि आता मीही तोच करतो. जुना मोबाइल एअरप्लेन मोडवर टाकून, आवाज ध्वनिमुद्रित करायला लावून, मुख्य गायकाच्या पुढ्यात आणि टाळकऱ्यांपासून शक्य तितका दूर ठेवायचा. सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक ठसठशीत टाळी वाजवायची. नंतर संगणकावर चित्रातली टाळी आणि ध्वनीतले टाळीचे टोक एकमेकांवर आणून बसवले की शब्द स्वच्छ ऐकू येतात आणि कॅमेऱ्याचा आवाज थोडासा खाली ठेवला तर सभेचे वातावरणही टिकते. दोन उपकरणांची घड्याळे किंचित वेगळी चालत असल्याने तासाभराच्या कार्यक्रमात शेवटी शेवटी ओठ आणि शब्द यांत सूक्ष्म फरक पडू लागतो. म्हणून एक टाळी शेवटीही वाजवून ठेवावी, म्हणजे मधला आवाज तेवढा ताणून किंवा आवळून घेता येतो. एवढा खटाटोप ज्यांना नको असेल त्यांनी माइकचे भोक असलेला वरच्या श्रेणीतला कॅमेरा पाहावा. त्याच वर्षी आलेल्या सोनीच्याच एफडीआर-एएक्स ३३ ला ते आहे आणि तो फोरके चित्रणही करतो, पण त्याची किंमत कितीतरी जास्त आणि ऑप्टिकल झूम मात्र १० पटच.

कमी उजेडात या कॅमेऱ्याची मर्यादा लगेच दिसते. आतला सेन्सर, म्हणजे उजेड टिपून चित्र बनवणारा भाग, फार लहान, म्हणजे १/५.८ इंची आहे, आणि भिंगाचे छिद्र रुंद दृश्यात एफ १.८ असले तरी पूर्ण झूमवर ते एफ ४ पर्यंत आकसते. म्हणजे झूम केला की सेन्सरवर पोहोचणारा उजेड घटतो. तेलाच्या समयांच्या उजेडातली काकडआरती, रात्रीच्या मांडवातली विसर्जनाची तयारी, बंद दिव्यांतला वाढदिवस अशा ठिकाणी चित्रात दाणे येतात आणि रंग मरगळतात. अशा वेळी आजचे चांगले मोबाइल निःसंशय सरस ठरतात. त्यातल्या त्यात, झूम न करता स्वतः दोन पावले पुढे जाऊन रुंद दृश्य घेतले तर फरक पडतो. याच लहान सेन्सरचा एक फायदाही आहे: दृश्यातले जवळचे आणि लांबचे बहुतेक सर्व एकाच वेळी स्पष्ट येते, त्यामुळे फोकस मधेच भरकटत नाही. आईने गणपतीत उकडीच्या मोदकाच्या कळ्या कशा घेतल्या, अंगठा आतून आणि दोन बोटे बाहेरून कशी फिरली, पारी फाटू लागली की पाण्याचे बोट कुठे लावले, हे सगळे तिच्या हातांच्या अगदी जवळ कॅमेरा नेऊन घेता आले आणि कुठेही फोकस सुटला नाही. मला व्यक्तिशः या कॅमेऱ्याने दिलेले सर्वांत मोलाचे चित्रण तेच वाटते.

अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून कॅमेरा मागवणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. भारतात विकला जाणारा नमुना सेकंदाला ५० चित्रांच्या पद्धतीने चित्रीकरण करतो आणि अमेरिकेतला ६० च्या. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने आपल्या ट्यूबलाइटखाली ६० च्या पद्धतीचा कॅमेरा चालवला की चित्रात उजेडाची लहर किंवा थरथर दिसू शकते, आणि घरगुती हँडीकॅममध्ये ही पद्धत बदलण्याची सोय सहसा नसते. न्यू जर्सीहून आलेल्या आमच्या मावसभावाने पुण्यातल्या कार्यालयात आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाचे जे चित्रीकरण केले त्यात ही थरथर अखेरपर्यंत आहे. दोन-तीन हजार वाचवण्यासाठी ही जोखीम घेण्यात अर्थ नाही.

हाताळणी साधी आहे. पडदा २.७ इंची आहे आणि त्याला स्पर्शाने काम करता येत नाही. कडेला असलेली छोटी कळ चारी बाजूंना ढकलून यादीतून फिरावे लागते. तरुणांना हे जुनाट वाटते, पण माझ्या आत्याला, जिला मोबाइलवर चुकून बोट लागून भलतेच काही उघडण्याची सतत धास्ती असते, हीच कळ अधिक भरवशाची वाटते. भर उन्हात पडद्यावर काही दिसत नाही आणि डोळ्याला लावून पाहायची खिडकी नाही, त्यामुळे पालखीच्या वाटेवर किंवा क्रीडादिनाला पाठ सूर्याकडे करून स्वतःच्या सावलीत पडदा धरावा लागतो. भिंगाचे झाकण हाताने सरकवायचे असते, वाय-फाय नाही.

चित्रणाचा दर्जा ठरवताना मात्र जरा विचार करावा. एक्सएव्हीसी एस या फाइलच्या प्रकारात सेकंदाला ५० मेगाबिट या वेगाने चित्रण होते. चित्र फार सुरेख येते, पण तासाला सुमारे २२ जीबी जागा जाते आणि त्यासाठी मायक्रो एसडीएक्ससी प्रकारचे, क्लास १० चे कार्ड लागते. घरगुती कामासाठी एव्हीसीएचडी हा कमी जागा घेणारा प्रकार पुरेसा आहे. शिवाय मूळ चित्रणाबरोबरच लहान आकाराची एमपीफोर फाइल आपोआप तयार होण्याची सोय आहे, ती जरूर चालू ठेवावी. कार्यक्रम संपता संपता व्हॉट्सॲपवर मागणी सुरू होते तेव्हा तीच उपयोगी पडते. एव्हीसीएचडीच्या लांब चित्रणाचे कॅमेरा २ जीबीचे तुकडे करतो. हे तुकडे सुटे सुटे उचलून नुसते एकापुढे एक लावले तर सांध्यावर आवाज क्षणभर तुटू शकतो, म्हणून कार्डावरचा संपूर्ण फोल्डर आहे तसा संगणकावर उतरवावा आणि मग जोडणी करावी.

कार्डाच्या बाबतीत कंजूषपणा करू नये. शाळेतल्या बाईंनी ऑनलाइन स्वस्तात मिळाले म्हणून घेतलेले कार्ड बनावट निघाले. त्यावर क्षमता ६४ जीबी दाखवत होते, पण प्रत्यक्षात थोड्या जीबींनंतर लिहिलेले सगळे नासके होते, आणि निरोप समारंभाचा उत्तरार्ध त्यात कायमचा गेला. विक्रेत्याने पैसे परत केले. चित्रीकरण परत येणार नव्हते. नवे कार्ड आणले की आधी ते कॅमेऱ्यातच फॉरमॅट करावे, मग घरातले काहीही चित्रित करून पूर्ण भरावे, संगणकावर उतरवून शेवटची फाइल चालवून पाहावी आणि त्यानंतरच कार्याला न्यावे. कॅमेरा काही महिने कपाटात पडून राहिला की आतली तारीख पुसली जाते, तीही कार्यक्रमापूर्वी लावून घ्यावी. दहा वर्षांनी मुंज आधी की बारसे आधी, हा वाद त्या तारखेवरच मिटतो.

किंमत नवा असताना वीस-बावीस हजारांच्या घरात होती. आता हा कॅमेरा बहुधा कोणाचा तरी जुनाच मिळेल, आणि तो घ्यायला हरकत नाही, कारण त्याची बॅटरी सोनीच्या आरएक्स १०० मालिकेतल्या कॅमेऱ्यांनाही लागत असल्याने अजून सहज मिळते. घेताना पडदा उघडून, उलटा फिरवून, पुन्हा मिटून पाहावा. फिरवताना चित्र लुकलुकले तर पडद्याला जोडणारी आतली तारांची पट्टी झिजलेली आहे असे समजावे. झूम एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत शांत खोलीत चालवून त्याची घरघर ऐकावी. हातपट्ट्यातली यूएसबीची तार मुळाशी चिरलेली नाही ना, तिच्यातून चार्जिंग होते ना आणि संगणक कॅमेरा ओळखतो ना, हे तिथेच तपासावे, कारण ती तार वेगळी बदलता येत नाही आणि दुरुस्तीला टाकल्यास माझ्या परिचितांना सांगितला गेलेला खर्च जुन्या कॅमेऱ्याच्या किमतीच्या जवळपास जाणारा होता. आपले स्वतःचे कार्ड बरोबर न्यावे, ट्यूबलाइटखाली पाच मिनिटे चित्रीकरण करावे आणि ते घरी मोठ्या पडद्यावर पाहिल्याखेरीज पूर्ण पैसे देऊ नयेत.